मासिके आटली, विशेषांक टिकले: जीवनशैलीच्या अंकांवर खर्च करण्यापूर्वी

घर, स्वयंपाक, आरोग्य, कपडेलत्ते, सजावट आणि प्रवास या विषयांना वाहिलेली मराठी मासिके पैसे मोजून घेणारा वाचक कमी होत चालला आहे, हे कोणत्याही वृत्तपत्र विक्रेत्याच्या स्टॉलवर नजर टाकली तरी कळते. त्याच स्टॉलवर दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र तीनशे-चारशे रुपयांचे अंक लोक चाळून, निवडून, पिशवीत भरून नेतात. या दोन्ही गोष्टी एकाच बाजारातल्या आहेत, आणि त्यांचा संबंध लावल्याशिवाय जीवनशैलीच्या छापील अंकांवर आज खर्च करावा का, या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही. मराठी वाचकाला आज जे मिळते त्यात नियमित मासिके, वर्षातून एकदा निघणारे एकविषयी अंक, मोबाइलवरची वर्गणी आणि ग्राहक संघटनांची नियतकालिके असे वेगवेगळे प्रकार आहेत. ते सारे मी घरखर्चातून पैसे काढणाऱ्या वाचकाच्या नजरेने येथे तपासले आहेत. माझे मत आधीच सांगतो: दरमहा विकत घ्यावे असे फार थोडे उरले आहे, चांगला एकविषयी विशेषांक आजही आपली किंमत वसूल करून देतो, आणि तपासून पाहिलेला, जाहिरातदाराच्या प्रभावापासून मुक्त असा सल्ला ही ज्या वस्तूची वाचकाला सर्वांत जास्त गरज आहे, तीच या बाजारात सर्वांत दुर्मीळ आहे.

मराठीत या प्रकारच्या नियतकालिकाचा उगम एका कारखान्यात झाला, ही बाब आजच्या परिस्थितीकडे पाहताना फार उपयोगी पडते. किर्लोस्करवाडीहून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले, ते मुळात कंपनीच्या मालाची आणि कामाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवण्यासाठी. नांगर विकणाऱ्या कंपनीचे हे पत्रक पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० साली त्याला 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' अशी दोन भावंडे मिळाली, आणि मध्यमवर्गीय मराठी घराने कसे राहावे, काय वाचावे, मुलींना किती शिकवावे, याविषयीच्या चर्चेला पन्नास वर्षे पुरेल असे व्यासपीठ उभे राहिले. म्हणजे उद्योगाच्या पैशातून निघालेले नियतकालिक वाचकाशी प्रामाणिक राहूच शकत नाही, असे म्हणण्याला आपल्याच इतिहासात आधार नाही. संपादक वाचकाच्या बाजूने उभा आहे की गिऱ्हाईक गळाला लावण्याच्या, एवढाच प्रश्न असतो. 'स्त्री'चे संपादन केलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले, तेव्हा त्यांनी पाककृती आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या आधारावाचून स्त्रियांचे मासिक चालू शकते, हे दाखवून दिले. ते जीवनशैलीचे मासिक नव्हे, म्हणून या परीक्षणात ते मोजलेले नाही. पण बाकीच्यांची उंची मोजायला ती पट्टी उपयोगी पडते.

इंग्रजीतली वाट निराळी होती. टाइम्स समूहाचे 'फेमिना' १९५९ सालचे. परदेशी नावाने निघणाऱ्या गुळगुळीत फॅशन मासिकांची सुरुवात १९९६ साली 'एल'पासून झाली आणि २००७ साली 'व्होग' आले. उदारीकरणानंतर आलेल्या परदेशी ब्रँडांना जाहिरातीसाठी तशाच कागदावरची, तशाच चेहऱ्याची पाने हवी होती, आणि ही मासिके मुख्यतः त्या गरजेतून वाढली. मराठीत तसा प्रयत्न मोठ्या प्रमाणावर झाला नाही, कारण महागडे घड्याळ किंवा अत्तर विकणाऱ्याला मराठी वाचक आपला गिऱ्हाईक वाटला नाही. मराठीकडे जाहिरात आली ती सराफांची, पैठणीच्या दुकानांची, मसाल्यांची, सहकारी बँकांची आणि बांधकाम व्यावसायिकांची. यातले बहुतेक जाहिरातदार वर्षभर पैसे खर्च करत नाहीत, दसरा-दिवाळीला करतात. मराठी नियतकालिकांचे अर्थकारण त्यामुळे फार पूर्वीपासून वर्षातल्या एका अंकाभोवती फिरत आले आहे, आणि अनेक मासिकांचे बाकीचे अकरा अंक त्या एका अंकाच्या कमाईवर निघत आले आहेत.

आता जगाच्या बाजारात जे घडते आहे, ते पाहिले की हे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. अमेरिकेत 'टीन व्होग'ची छपाई २०१७ साली थांबली, 'ग्लॅमर'ची २०१९ साली. ब्रिटनमधल्या 'मेरी क्लेअर'चा छापील अंकही २०१९ सालीच बंद झाला. डॉटडॅश मेरेडिथ या कंपनीने २०२२ साली 'इनस्टाइल', 'हेल्थ', 'पेरेंट्स' आणि 'ईटिंगवेल' यांसह सहा नियतकालिकांची नियमित छपाई एकाच घोषणेत संपवली, आणि त्याच वर्षी 'मार्था स्टुअर्ट लिव्हिंग'चे मासिक रूपही संपले. एवढी पडझड होत असताना तिथल्या दुकानांत एक प्रकार मात्र वाढला. एकाच विषयावरचा, जाड कागदाचा, जवळजवळ जाहिरातींशिवाय निघणारा, मासिकाच्या दुप्पट-तिप्पट किमतीचा आणि महिनाभरात शिळा न होणारा सुटा अंक, ज्याला त्या व्यवसायात 'बुकाझिन' म्हणतात. सूप, भूमध्य समुद्राकाठचा आहार, छोट्या घरांची मांडणी, एखादा गायक, असा एकेक विषय घेऊन हे अंक निघतात, आणि नियमित मासिक बंद पडलेली काही नावे अशा अंकांच्या मुखपृष्ठावर पुन्हा दिसतात.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून जास्त किमतीचा, जास्त पानांचा, वर्षभर घरात राहणारा अंक विकत घेण्याची सवय या भाषेला आहे. फरक एवढाच, की पूर्वी दिवाळी अंक म्हटला की कथा-कविता-लेखांची मिसळ ठरलेली असे, आणि गेल्या काही वर्षांत त्यातून एकविषयी अंक वेगळे होऊन ठळक झाले. आरोग्याला वाहिलेला 'शतायुषी', महाराष्ट्राच्या पर्यावरणातला एकेक विषय घेणारा 'भवताल', दुर्गभ्रमंतीचा 'किल्ला', आणि पाककृतींचा 'लोकसत्ता पूर्णब्रह्म' ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. बाहेरच्या प्रकाशकांना नियमित मासिके बंद पडल्यावर जे रूप जवळ करावे लागले, ते आपल्याकडे सणाच्या परंपरेमुळे आधीच तयार होते. मराठी प्रकाशकांनी या गोष्टीचा जितका विचार करायला हवा होता तितका केलेला नाही, असे मला वाटते.

नियमित मासिक का आटले, याची कारणे सांगताना सगळा दोष मोबाइलवर टाकला जातो. त्यात तथ्य आहे. पाककृती, मेंदीची नक्षी, साडीच्या पदराची नवी तऱ्हा, केस गळण्यावरचा उपाय, हे सारे आता व्हिडिओत फुकट आणि हात कसा चालतो हे दिसेल अशा रीतीने मिळते. पण वितरणाची साखळी तुटली, हे कारणही तितकेच मोठे आहे. रेल्वे स्थानकांवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आज बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्या पुढे, मासिके मागे, अशी मांडणी असते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा अंक छापले तरी ते पोहोचवायचे कसे हा प्रश्न होता, आणि त्या काही महिन्यांत दारात अंक टाकणाऱ्या मुलांची आणि एजंटांची जी घडी विस्कटली, ती पुष्कळ ठिकाणी पुन्हा बसलीच नाही. कागदाचेही तसेच. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात वृत्तपत्र कागदावर आणि मासिकांना लागणाऱ्या हलक्या चकचकीत कागदावर दहा टक्के सीमाशुल्क लागले. पुढच्या वर्षी ते पाच टक्क्यांवर आले, तरी तोवर अनेकांनी पाने कमी केली होती. विक्रेत्याचे कमिशन, न खपलेल्या अंकांची परतफेड आणि टपालखर्च हे सगळे वजा जाता छापील किमतीतून प्रकाशकाच्या हाती जे उरते, त्यात संपादक, छायाचित्रकार आणि लेखक यांना मान राखून मानधन देणे अवघड असते. वाचकाला हे दिसत नाही. त्याला दिसते ती पातळ झालेली पिनेची बांधणी आणि आतला सैल मजकूर.

त्या मजकुराविषयी आता. मराठीत दरमहा सहज मिळणारे, या वर्गात निःशंकपणे बसणारे मासिक म्हणजे 'गृहशोभिका'. १९३९ साली स्थापन झालेल्या दिल्ली प्रेसचे हिंदी 'गृहशोभा' १९७९ साली निघाले, आणि 'गृहशोभिका' हे त्याचे मराठी रूप. या मासिकाच्या बाजूने मला मनापासून सांगायचे आहे, की बुवाबाजी, व्रतवैकल्यांचा अतिरेक, सुनेवरचा जाच, बाईच्या पैशावर बाईचा हक्क, या विषयांवर त्याच्या प्रकाशनसंस्थेने घेतलेली भूमिका स्पष्ट आणि सातत्याची आहे, आणि ती शहरातल्या वाचकाला जुनी वाटली तरी तालुक्याच्या गावी आजही कोणीतरी सांगायला हवी आहे. पण मजकुराचा मोठा भाग हिंदी अंकाशी सामायिक असल्यामुळे मराठी घर त्यात फारसे दिसत नाही. कथांतली नात्यांची हाक, स्वयंपाकातली भाजीची निवड, लग्नसराईच्या पानांवरचे दागिने, यांवर उत्तरेची छाप राहते. अनेक भाषांत एकच मजकूर फिरवला की खर्च वाचतो, हे मला समजते. परंतु ज्या वाचकाला ठुशी आणि चिंचपेटी पाहायची आहे, त्याला वारंवार मांगटिका दाखवून त्याचे समाधान होत नाही. 'माहेर' आणि 'मेनका' ही पुण्याची मासिके कथेच्या बळावर उभी राहिली आणि म्हणून मी त्यांना येथे फक्त स्पर्श करतो: घर-संसाराविषयीचा त्यांचा सूर मराठी आहे, मात्र सल्ला किंवा खरेदीची माहिती हवी असलेल्या वाचकाने त्यांच्याकडे त्यासाठी जाऊ नये.

मासिकांतल्या सजावटीच्या पानांवर थोडे थांबायला हवे, कारण वाचक आणि संपादक यांच्यातले अंतर तिथे सर्वांत जास्त दिसते. मुंबईच्या उपनगरात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या कुटुंबाचे घर बहुधा पाचशे-सहाशे चौरस फुटांचे असते. त्यात आई-वडील, मुलाचा अभ्यास, एखाद्याचे घरून चालणारे ऑफिसचे काम, कपडे वाळवायची दोरी, देवघर आणि वर्षभराच्या मसाल्याचे डबे एवढे सारे सामावायचे असते. या घरासाठी लिहिलेल्या लेखाबरोबर जे छायाचित्र छापले जाते, ते बहुतेक वेळा परदेशी छायाचित्रसंग्रहातून घेतलेले असते: चारी बाजूंनी मोकळा स्वयंपाकाचा ओटा, पांढरी भिंत, भिंतभर खिडकी आणि त्यापलीकडे बर्फ. मिसळणाचा डबा ओट्यापासून हाताच्या अंतरावर कुठे ठेवावा, ड्राय बाल्कनीत धुण्याचे मशीन बसवले तर नळाची जोडणी कशी घ्यावी, माळ्यावरच्या पिंपांना पावसाळ्यात वास येऊ नये म्हणून काय करावे, या गोष्टी कोणीही सांगत नाही. खरे तर आपल्या वाचकांच्याच घरांत जाऊन काढलेली साधी छायाचित्रे आणि त्या घरातल्या बाईने दहा वर्षांत शोधून काढलेल्या युक्त्या, एवढ्या सामग्रीवर उत्तम पाने उभी राहतील, आणि तेवढे करायला फार मोठी गुंतवणूक लागत नाही.

पाककृतींचे वार्षिक अंक हा या बाजारातला सर्वांत जिवंत भाग आहे, म्हणून त्यांना मी सर्वांत कठोर कसोटी लावतो. वृत्तपत्रे, प्रकाशनसंस्था आणि मसाले विकणाऱ्या कंपन्या हे सगळेच आता असे अंक काढतात. चांगल्या अंकाची ओळख मुखपृष्ठावरून होत नाही. चकली, अनारसे आणि चिरोटे या तीन पाककृती उघडून पाहाव्यात. चकलीच्या भाजणीला मोहन किती घालायचे, हे मापात दिलेले आहे की 'थोडे कडकडीत तेल' म्हणून सोडून दिले आहे, ते पाहावे. मोहन जास्त झाले तर चकली कढईत तुटते आणि कमी पडले तर दाताला लागते, तेव्हा या एका ओळीवर सगळा घाणा अवलंबून असतो. अनारशाच्या कृतीत तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायला सांगितले आहे का, पीठ ओलसर असतानाच चाळून त्यात गूळ वजनाने मिसळायला सांगितला आहे का, आणि अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर काय करायचे हे दिले आहे का, हे पाहावे. चिरोट्याच्या साट्यात, म्हणजे थरांमध्ये लावायच्या मिश्रणात, तूप आणि तांदळाची पिठी यांचे प्रमाण दिले नसेल, तर लिहिणाऱ्याने ते करून पाहिले आहेत की नाहीत याची मला शंका येते. जिथे मोजमाप 'वाटी' आहे, तिथे ती वाटी किती मिलिलिटरची, हे अंकाच्या सुरुवातीला एकदा सांगितलेले असले पाहिजे.

या कसोटीवर पाहिले की अंकांचे सरळ दोन गट पडतात. पहिल्या गटात पाककृती देणाऱ्या व्यक्तीचे नाव, गाव आणि पदार्थाची पार्श्वभूमी असते. आगरी, सारस्वत, वऱ्हाडी, खानदेशी, पाठारे प्रभू अशा स्वयंपाकांतले बारकावे त्या घरांतल्या माणसांकडून आलेले असतात. आणि छायाचित्रातला पदार्थ तोच असतो जो कृतीत सांगितला आहे. अशा अंकासाठी तीनशे रुपये हे जास्त नाहीत, कारण तो स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे राहतो आणि त्याच्या पानांवर तेलाचे डाग पडतात. दुसऱ्या गटात स्पर्धेतून आलेल्या किंवा इंटरनेटवरून उचललेल्या कृती असतात, चीज आणि मेयोनेझ घातले की पदार्थ आधुनिक झाला अशी समजूत असते, आणि एका विशिष्ट कंपनीचा मसाला प्रत्येक कृतीत नावानिशी येतो. माझ्या हाती आलेल्या अशा एका अंकात रव्याच्या लाडवाच्या कृतीत पाक एकतारी करायचा की दोनतारी, हेच लिहायचे राहिले होते. तो अंक कोणाचा, हे महत्त्वाचे नाही; ज्याने ती कृती तपासायची होती, तो माणूस नेमलेलाच नव्हता, हे महत्त्वाचे आहे.

तपासण्याचा हा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. अमेरिकेत १८८५ साली निघालेल्या 'गुड हाउसकीपिंग'ने १९०० साली स्वतःची चाचणीशाळा सुरू केली आणि १९०९ साली, म्हणजे आपल्याकडे 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला त्याच वर्षी, तपासून पसंत पडलेल्या वस्तूंना आपली मुद्रा द्यायला सुरुवात केली. मुद्रा असलेली वस्तू ठरावीक मुदतीत सदोष निघाली तर मासिक पैसे परत करते किंवा वस्तू बदलून देते. १९५२ साली याच मासिकाने सिगारेटच्या जाहिराती घेणे थांबवले, आणि ते पाऊल तेव्हा तोट्याचेच होते. ही व्यवस्था पूर्णपणे निर्मळ आहे असे मी म्हणणार नाही, कारण ती मुद्रा मिळवणाऱ्या कंपन्या त्याच मासिकात जाहिरातीही देतात. तिथे १९३६ पासून चाललेले 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' आणि ब्रिटनमध्ये १९५७ पासून चाललेले 'विच?' यांनी त्यावरचा उपाय शोधला तो असा: वस्तू बाजारातून स्वतःच्या पैशाने विकत घ्यायच्या, प्रयोगशाळेत तपासायच्या आणि अंकात कोणाचीही जाहिरात घ्यायची नाही.

आपल्या देशात असे काम झालेच नाही, असे नाही. अहमदाबादचे कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर १९७८ पासून काम करते, वस्तूंच्या तुलनात्मक चाचण्या करते आणि त्यांचे निष्कर्ष आपल्या नियतकालिकांतून जाहिरातींशिवाय मांडत आले आहे. मराठीत मुंबई ग्राहक पंचायतीचे 'ग्राहक तितुका मेळवावा' आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या या संस्थेने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचे वाणसामान एकत्र खरेदी करण्याची पद्धत रुजवली, आणि त्यामुळे तिच्या मासिकामागे वस्तू प्रत्यक्ष निवडण्याचा, दरांची घासाघीस करण्याचा आणि तक्रार शेवटापर्यंत नेण्याचा अनुभव आहे. विमा, बिल्डरशी केलेला करार, विजेचे देयक, औषधांवरची छापील किंमत अशा विषयांवर जी माहिती कोणत्याही चकचकीत मासिकात मिळणार नाही, ती येथे मिळते. या प्रकारच्या नियतकालिकांची मांडणी रूक्ष असते, छायाचित्रे कमी असतात आणि तरुण वाचकाने उचलून घ्यावे असे त्यांचे रूप नसते. तरीही वर्गणीच्या प्रत्येक रुपयामागे मिळणारा उपयोग पाहिला, तर या संपूर्ण परीक्षणात मी त्यांनाच सर्वांत वर ठेवीन. ही दोन जगे, एका बाजूला देखणी पण न तपासलेली पाने आणि दुसऱ्या बाजूला तपासलेली पण अनाकर्षक पाने, एकत्र आणणारा संपादक मराठीत अजून व्हायचा आहे.

जाहिरात आणि मजकूर यांची सरमिसळ हा या व्यवसायातला वाढता रोग आहे, आणि त्यावर बोलताना मवाळ राहणे मला योग्य वाटत नाही. डाव्या पानावर त्वचेच्या काळजीचा लेख आणि उजव्या पानावर त्या लेखात सुचवलेल्याच साबणाची जाहिरात, असा प्रकार पूर्वीही होता. आता संपूर्ण लेखच प्रायोजित असतो, आणि तसे सांगणारी ओळ एक तर छापलीच जात नाही किंवा भिंगाशिवाय वाचता येत नाही. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. ती सर्व माध्यमांतल्या जाहिरातींना लागू आहेत, आणि शिफारस करणाऱ्याचा जाहिरातदाराशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड करणे त्यांत बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुढे पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. इन्स्टाग्रामवरच्या प्रभावकांविषयी या नियमांची चर्चा पुष्कळ झाली, छापील पानांविषयी जवळजवळ झालीच नाही. आरोग्याच्या विशेषांकांत तर हा प्रश्न थेट जिवाशी येतो. लेखकाच्या नावापुढे पदवी आणि नोंदणी आहे का, 'पंधरा दिवसांत पाच किलो' यासारखे दावे आहेत का, आणि लेखाखाली एखाद्या रुग्णालयाचा किंवा औषधाचा दूरध्वनी क्रमांक आहे का, या तीन गोष्टी पाहूनच असा अंक घ्यावा. डॉक्टरांनी संपादित केलेला आणि दीर्घकाळ चाललेला अंक त्यातल्या त्यात सुरक्षित.

मोबाइलवरच्या वर्गणीविषयी थोडक्यात. शेकडो मासिके एका वर्गणीत देणाऱ्या सेवा इंग्रजी वाचकासाठी फायद्याच्या आहेत. 'व्होग', 'फेमिना', प्रवासाची आणि घरसजावटीची मासिके सुटी घेण्यापेक्षा तिथे फार स्वस्त पडतात. मराठी वाचकाला मात्र तिथे निवड तुटपुंजी मिळते, आणि छापील पानाचे जसेच्या तसे चित्र फोनवर ढकलले जात असल्यामुळे दर ओळीला अक्षर मोठे करून वाचावे लागते. बुकगंगासारख्या मराठी विक्रीस्थळामुळे कॅलिफोर्नियात किंवा दुबईत राहणाऱ्यालाही दिवाळी अंक मिळण्याची सोय झाली, हे काम मोलाचे आहे. त्याहून वेगळी वाट सायली राजाध्यक्ष यांच्या 'डिजिटल दिवाळी' अंकाने दाखवली. मुळातच पडद्यासाठी तयार केलेल्या त्यांच्या खाद्यसंस्कृती विशेषांकात परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांनी आपापल्या देशांतल्या खाण्याविषयी लिहिले, आणि छापील अंकाला जे भौगोलिक अंतर ओलांडता येत नाही ते तिथे सहज ओलांडले गेले.

आणि 'कालनिर्णय'चा उल्लेख केल्याशिवाय मराठी जीवनशैलीच्या छापील बाजाराचे चित्र पुरे होत नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या या दिनदर्शिकेच्या मागच्या पानांवर पाककृती, आरोग्य आणि घरगुती विषयांवरचे लेख असतात. वर्षाला बारा पाने, प्रत्येक पान महिनाभर भिंतीवर, आणि किंमत एखाद्या मासिकाच्या एका अंकाएवढी. जागा अपुरी असल्यामुळे लेखकाला फापटपसारा करता येत नाही आणि म्हणून तो मजकूर बहुधा नेमका असतो. मासिके घेणे सोडून दिलेल्या घरांतही ही पाने वाचली जातात.

दीड-दोन हजार रुपये वर्षाला या विषयासाठी बाजूला काढणाऱ्या कुटुंबाला मी पुढीलप्रमाणे खर्च सुचवीन. ग्राहक संघटनेच्या नियतकालिकाची वर्गणी प्रथम भरावी. दिवाळीत पाककृतींचा एक, आरोग्याचा एक आणि प्रवास किंवा परिसर या विषयावरचा एक, असे तीन एकविषयी अंक दुकानात उभे राहून चाळून घ्यावेत. दादरच्या आयडियल या पुस्तकांच्या दुकानात किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत अंक उघडून पाहू देतात, तिथे वर सांगितलेल्या तीन पाककृती आणि आरोग्याच्या अंकाविषयीचे तीन प्रश्न यांची तपासणी पाच मिनिटांत होते. बाकीच्या अंकांसाठी जवळच्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना घ्यावी, कारण एका अंकाच्या किमतीच्या आसपास शुल्क भरून दोन-तीन महिने पुष्कळ अंक घरी आणता येतात, आणि जो अंक परत द्यावासा वाटत नाही तोच पुढच्या वर्षी विकत घ्यावा. नियमित मासिकाची वार्षिक वर्गणी भरण्यापूर्वी मात्र लागोपाठचे तीन सुटे अंक विकत घेऊन वाचावेत, टपालाने अंक न पोहोचल्यास तो पुन्हा पाठवण्याची हमी लेखी आहे का हे विचारावे, आणि वर्गणीबरोबर मिळणाऱ्या भेटवस्तूकडे पाहून निर्णय घेऊ नये.